हवेत राहायचा वेग

कोंडीबा ओसरीवर बसून राजेश्वरीच्या आईशी बोलत होता आणि राजेश्वरी आत चहा गाळत होती. त्याचं पहिलंच वाक्य कानावर पडलं आणि तिच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

"वैनी, इमान येतंय बगा रोज. चारच्या टायमाला. उगवतीकडनं येतं, मावळतीला जातं. दिसत काय न्हाई. निस्ता आवाज."

"असंल कुनाचंतरी," आई म्हणाली.

"कुनाचंतरी न्हवं. आपल्या शिवतेजचं हाय."

कोंडीबा पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला मेंढपाळ. दिवाळी झाली की तो कळप घेऊन कोकणात उतरायचा, आणि जाता जाता आठ दिवस त्याची मेंढरं कडेगावला राजेश्वरीच्या वडिलांच्या, सुभेदार नाथाजींच्या, रानात खतासाठी बसायची. तीस वर्षं हे चाललेलं. पावसाळ्यात तो आपल्या मुलखातल्या बिरोबाच्या माळावरच असायचा; आज भर आषाढात कळप सोडून एकटाच आला होता, एवढं सांगायला. बोलला की जीभ झिजेल अशी भीती असल्यासारखा हा माणूस बोलायचा. थापा मारायला जेवढे शब्द लागतात तेवढे त्याच्याजवळ नव्हतेच. म्हणूनच राजेश्वरी गाळणं ठेवून दाराशी आली.

शिवतेज तिचा धाकटा भाऊ. गेल्या आषाढात गेला. पिकांचे वरून फोटो काढणाऱ्या एका कंपनीचं दोन माणसांचं चिमुकलं विमान तो चालवायचा. दुपारी कृष्णेकाठच्या एका लहानशा धावपट्टीवरून उडायचं, पूर्वेच्या तालुक्यांतल्या डाळिंबांवरून आणि द्राक्षांवरून फिरायचं, आणि चारच्या सुमाराला बिरोबाच्या माळावरून परत यायचं, असा त्याचा महिनाभर क्रम होता. माळावर कोंडीबाचा कळप दिसला की पंख डावीउजवीकडे हलवून रामराम घालायचा. एके दिवशी विमान परतलं नाही. धावपट्टीच्या अलीकडे डोंगराची जी धार आहे, तिच्या पूर्वेच्या उतारावर ते सापडलं, माथ्यापासून चारशे पावलं खाली. टाकीत थेंब नव्हता. धार तेवढी ओलांडली असती तर बंद इंजिनावरही ते तरंगत खाली धावपट्टीवर गेलं असतं. चौकशी करणाऱ्यांनी त्याचं सामान परत दिलं. त्यात पाकीट होतं, फुटलेला मोबाईल होता, आणि वेग दाखवणाऱ्या तबकडीशेजारी चिकटवलेला कागदाचा एक तुकडा होता. त्यावर राजेश्वरीच्या अक्षरात लिहिलं होतं, १०२.

राजेश्वरी कॉलेजात गणित शिकवते. शिवतेजने तिला विचारलं होतं, "आक्का, क्यामेऱ्याच्या बॅटऱ्या जड हायत, म्हनून टाकी पुरी भरून देत न्हाईत. हाय त्या पेट्रोलात जास्तीत जास्त लांब यायला कुठला वेग धरू, तेवढं काढून दे की." हाच शिवतेज बारावीला गणितात काठावर पास झालेला, तेव्हा आधी तिने त्याची यथेच्छ टर उडवली. मग हजेरीच्या कागदाच्या पाठीवर त्याला सगळं समजावून दिलं. विमान जोरात गेलं की पुढून हवा जास्त अडवते, आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सावकाश गेलं तर नुसतं स्वतःला वर धरून ठेवायलाच त्याला नाक वर करून झगडावं लागतं, आणि हा दुसरा अडथळा वेग कमी होईल तसा वाढतो. दोघांची बेरीज काढली की झोळीसारखी एक रेघ मिळते. झोळीचा तळ जिथे, तिथे पेट्रोल सगळ्यात कमी जळतं. विमानाचं वजन, पंखांचं क्षेत्रफळ असं सगळं घालून तिने तो तळ काढला. ताशी एकशे दोन किलोमीटर.

गणित बरोबर होतं. तिने ते वर्षभरात शंभर वेळा तपासलं होतं. पण ते होतं वारा नसतानाचं. समोरून जोराचा वारा असेल तर थोडं जोरात जावं लागतं, नाहीतर वाऱ्याशी झुंजण्यातच पेट्रोल संपतं. आषाढात पश्चिमेचा वारा त्या माळावर माणसाला उभं राहू देत नाही, आणि शिवतेज यायचा तो नेमका पश्चिमेकडे तोंड करून. हे तिला माहीत होतं. वाऱ्याचं नंतर सांगू, असं ती त्या दिवशी म्हणाली, कारण गॅसवर दूध होतं. नंतर राहूनच गेलं.

दुसऱ्या कुठल्या घरातला पोरगा असता तर त्याने आकडा घेतला असता आणि आपल्या मनाने थोडा इकडेतिकडे केला असता. पण हे घर सुभेदारांचं. नाथाजींनी दाराशेजारी एक फळा टांगला होता आणि त्यावर जे लिहिलेलं असेल ती ऑर्डर. मोटर सहाला बंद. दूध डेअरीला साडेसहा. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर वाद घालता यायचा, लिहिलेल्यावर नाही. सुभेदार जाऊन पाच वर्षं झाली तरी आई गॅसची तारीख फळ्यावर लिहायची आणि शिवतेज होता तोवर तिघंही ती पाळायची. या घरात कागदावर आकडा लिहून द्यायचा म्हणजे काय, ते राजेश्वरीला कळायला हवं होतं. वर्षभर हेच तिला खात होतं. भाऊ माझ्या आकड्याने मेला का, एवढा एकच प्रश्न तिच्याजवळ उरला होता आणि तो विचारायला जगात कुणी नव्हतं.

कोंडीबा सांगून गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आई एसटीने माळावर गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिचा चेहरा असा निवलेला असायचा की राजेश्वरीला तिची भीती वाटायला लागली.

"ऐकलास का आवाज?" तिने विचारलं.

"व्हय तर," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "बरा हाय त्यो."

चौथ्या दिवशी राजेश्वरी स्कूटरवर आईला बसवून स्वतः गेली. मनात म्हणत होती, की डोंगरावर पवनचक्क्या आहेत, त्यांच्या पात्यांचा आवाज असणार, कोंडीबा म्हातारा झाला आणि आईचं दुःख तिला काहीही ऐकवतंय. बिरोबाचं देऊळ म्हणजे माळाच्या पूर्वेच्या टोकाला एक शेंदूर फासलेला दगड आणि त्यावर चार पत्रे. तिथून पश्चिमेच्या टोकाच्या शेवटच्या पवनचक्कीपर्यंत सगळा माळ सपाट, लालसर मुरुमाचा, झाड म्हणाल तर औषधाला नाही. मेंढरं चरत होती. वारा कानात भरत होता.

चार वाजून दहा मिनिटांनी मेंढरांनी खाणं थांबवलं. सगळ्या कळपाने एकदमच माना वर केल्या. अडीचशे मेंढरं, एकही तोंड हलत नव्हतं. मग तिला ऐकू आलं. आधी लांबून, दळपाच्या गिरणीसारखं, मग स्पष्ट. एक लहान इंजिन, एकाच सुरात, न घाई करता येणारं. आवाज देवळावर आला, डोक्यावर आला, आणि कळपाच्या माना त्याच्याबरोबर हळूहळू पश्चिमेला वळत गेल्या. आभाळात नुसते ढग पळत होते. तिने डोळे फाडफाडून पाहिलं, तिथे काही नव्हतं. एका ठिकाणी सूर जरासा डळमळला, डावीकडे आणि उजवीकडे.

"रामराम घातला बग," कोंडीबा म्हणाला आणि त्याने मुंडाशाला हात लावला.

आषाढातल्या भर दुपारी राजेश्वरीला थंडी भरली होती. पण ती गणिताची बाई, आणि घाबरलेल्या गणिताच्या बाईला दुसरं काही सुचत नाही. तिच्या मनात आलं, की आवाज जातो म्हणजे त्याला वेग आहे, आणि वेग आहे म्हणजे तो मोजता येईल. जो प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, त्याचं उत्तर रोज चार दहाला डोक्यावरून जात होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजच्या भूगोल विभागातून वारा मोजायचं छोटं यंत्र आणलं. देवळापासून शेवटच्या पवनचक्कीपर्यंत अंतर भरलं एक हजार सातशे मीटर. कोंडीबाला तिने देवळाशी उभं केलं. आवाज बरोबर डोक्यावर आला की त्याने तांबडं मुंडासं हलवायचं. ती स्वतः पवनचक्कीखाली मोबाईलचं घड्याळ धरून उभी राहिली. पहिल्या दिवशी आवाजाला लागले एक्क्याण्णव सेकंद, म्हणजे जमिनीवरून ताशी सदुसष्ट. समोरचा वारा होता पस्तीसचा. तिने बेरीज केली आणि मग पुन्हा एकदा केली.

एकदा जमलेली बेरीज योगायोग असू शकते, असं ती वर्गात पोरांना सांगत आली होती. म्हणून आणखी दोन दिवस मोजलं. दुसऱ्या दिवशी वारा चव्वेचाळीसचा होता, आवाज अठ्ठावन्नने गेला. तिसऱ्या दिवशी वारा चाळीसचा, आवाज बासष्टने. वारा रोज बदलत होता आणि बेरीज रोज तीच येत होती. एकशे दोन. तबकडीवरचा काटा एका आकड्यावर घट्ट धरून कुणीतरी आषाढाच्या वाऱ्यात रोज येत होतं, वारा वाढला तरी तसूभर हलत नव्हतं, कारण लिहून तसं दिलेलं होतं.

पवनचक्कीच्या पायथ्याशी बसून ती खूप वेळ रडली. कोंडीबा लांब उभा राहिला. त्याने पाणी आणून ठेवलं.

त्या संध्याकाळी तिने वाऱ्यासकट गणित पुन्हा मांडलं. समोरून चाळीसचा वारा असेल तर धरायचा वेग एकशे सोळा. त्या दिवशी माळावरून पुढे जरी त्याने एकशे सोळा धरले असते, तरी तेवढ्याच पेट्रोलात विमान सव्वा किलोमीटर जास्त गेलं असतं. धारेचा माथा चारशे पावलांवर होता. जेवताना तिने आईला हे सगळं सांगून टाकलं. मनात ठेवलं असतं तर घास उतरला नसता.

"मी त्याला माळावर आकडा लिहून देणार आहे," ती म्हणाली. "कॉलेजच्या खेळाच्या खोलीतून मैदान आखायची पांढरी फक्की आणलीय मी, पोतंभर. एवढा मोठा लिहीन की वरून दिसेल. एकशे सोळा. लिहिलेलं तो ऐकतोच."

आईने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मग त्यो डोंगर वलांडंल?"

"ओलांडेल."

"आन् उतरंल तिकडं."

"उतरेल. सुटेल गं तो, आई."

"मग आवाज यायाचा न्हाई."

राजेश्वरीने ताटातली भाजी इकडची तिकडे केली. आईने तिला आणखी अर्धी भाकरी वाढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ह्यो लांब जायाचा आकडा झाला. लय वेळ वर ऱ्हायाचं असंल, तर त्येचाबी आकडा असतोय का?"

प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही मास्तरकीची खोड काही सुटत नाही. "असतो की," राजेश्वरी म्हणाली. "लांब जायचा वेग वेगळा आणि जास्त वेळ हवेत राहायचा वेग वेगळा. हा दुसरा कमी असतो, पाऊणपटीच्या जरासा वर. अठ्ठ्याहत्तर धर. पण त्यानं अंतर कटत नाही. नुसतं वर राहायचं."

"अठ्ठ्याहत्तर," आई म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीची परीक्षेवर ड्युटी होती. अडीचला सुटून ती घरी आली तर आई नव्हती, आणि स्कूटरशेजारी ठेवलेलं फक्कीचं पोतंही नव्हतं. दाराशेजारच्या फळ्यावरून गॅसची तारीख पुसून आईने तिथे दोन आकडे गिरवून पाहिले होते. राजेश्वरीने स्कूटर काढली. विट्याच्या पुढे रस्ता खराब होता तरी तिने ती कुठेही हळू केली नाही.

माळावर पोचली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. लाल मुरुमावर दोन पांढरे आकडे पसरले होते, एकेक खो-खोच्या मैदानाएवढा. ७८. आणि त्यांच्याभोवती सगळ्यांना पोटात घेणारा एक मोठा गोल. आई गोलाच्या कडेला बसली होती. कोपरापर्यंत पांढरी झाली होती, केसांत फक्की, पापण्यांवर फक्की. शेजारी भाकरीचं फडकं होतं.

"आई, हे काय केलंस?"

"गोल काडलाय, फिरत ऱ्हावं म्हनून," आई म्हणाली.

"तो अडकेल इथं! कायमचा! तुला कळतंय का?" राजेश्वरी ओरडली आणि पायाने आठचा आकडा पुसायला धावली. मुरुम खरखरीत, फक्की त्यात बसलेली, चप्पल घासून घासून हातभर रेघ पुसली गेली असेल नसेल. कोंडीबा म्हणाला, "पोरी, ऱ्हाऊ दे. येळ झाली."

मेंढरांनी माना वर केल्या.

आवाज देवळावरून आला. रोजच्यासारखा आला आणि मग मधेच त्याचा सूर उतरला. इंजिन मऊ झालं, जड झालं, नाक वर करून चालल्यासारखं. आकड्यांवर येताच तो डावीकडे कलला आणि फिरायला लागला. अडीचशे माना त्याच्याबरोबर फिरल्या. देवळाकडून पवनचक्कीकडे, पवनचक्कीकडून परत, पुन्हा देवळाकडे. इतका खाली होता की आईचा पदर प्रत्येक फेरीला वाऱ्याच्या उलट्या दिशेने उडत होता. वर पाहिलं की ढगच दिसत होते.

राजेश्वरी आईशेजारी बसली. आईने तिचा हात आपल्या पांढऱ्या हातात घेतला.

"राजे, येक सांग मला. ह्यो माळ किती सपाट हाय बग. कोंडीबाचा टेम्पोबी पळतोय ह्याच्यावर. शिवाला वरनं दिसत न्हवता व्हय?"

"दिसत होता. रोज बघायचा."

"मंग पेट्रोल सपत आलं तवा हितंच का न्हाई उतरला? हितं मेंढरं व्हती, कोंडीबा व्हता. येक फोन केला असता, तर मी डबा घिऊन आले असते."

वर्षभर राजेश्वरी गणितातली चूक शोधत होती. वारा धरला नाही, सव्वा किलोमीटर कमी पडलं, एकशे दोनच्या जागी एकशे सोळा. ही चूक तिला सोसवत होती, कारण ती सुधारता येत होती. खाली सपाट माळ होता, हे तिच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. शिवतेजने काटा खाली येताना पाहिला असेल, माळ पाहिला असेल, आणि मग तबकडीशेजारचा कागद पाहिला असेल. आक्काने लिहून दिलंय, म्हणजे पोचणार. आकडा नसता तर तो घाबरला असता, आणि घाबरला असता तर उतरला असता. एकशे सोळा लिहून दिले असते तरी तेच. परवा दुसरा कुठला वारा, दुसरी कुठली धार, आणि तो कागदाकडे बघत पुढे जात राहिला असता. हे कळलं तेव्हा तिला वाटलं आपण इथेच, या मुरुमात, फुटून पडू.

"मी आकडा द्यायलाच नको होता," ती म्हणाली.

आईने तिचा हात सोडला नाही.

"किती येळ ऱ्हाईल अजून?" थोड्या वेळाने आईने विचारलं.

तपासाच्या कागदांत होतं, माळावर आला तेव्हा टाकीत साडेसहा लिटरच्या आसपास असावं. अठ्ठ्याहत्तरच्या वेगाला तासाला सव्वादहा लागतं. तिने तोंडीच केलं. "अडतीस मिनिटं. रोज इथून पुढं तेहेतीस मिनिटं जायचा, आज अडतीस. तुझ्या आकड्यानं पाच मिनिटं वाढली, आई."

"पाच तर पाच," आई म्हणाली.

तिघं बसून राहिली. वर फेऱ्या चालल्या होत्या. राजेश्वरी मोबाईलकडे बघत नव्हती, तरी मिनिटं तिच्या अंगातून जात होती. चार अठ्ठेचाळीसला इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग बंद पडलं.

इतकी शांतता तिने माळावर कधी ऐकली नव्हती. मग त्या शांततेत एक बारीक शीळ आली, पंखांवरून हवा कापत जाणारी, आणि ती खाली यायला लागली. कोंडीबाने हाक मारली नाही, कुत्रं सोडलं नाही. मेंढरं आपणहून उठली आणि दोन बाजूंना सरली. मधे सरळ रस्त्याएवढी मोकळी पट्टी पडली, देवळापासून थेट आईपर्यंत.

मुरुम खरकन वाजला. पट्टीच्या लांबच्या टोकाला धूळ उडाली आणि तीन रेघा उमटत आल्या, दोन बाहेरच्या आणि एक मधली. त्या सातमधून गेल्या, आठमधून गेल्या, पांढरी फक्की दोन्ही अंगांना उधळत, सावकाश होत आल्या, आणि आईपासून दहा पावलांवर थांबल्या. रेघांच्या टोकाशी मुरुम तीन ठिकाणी दबलेला होता, वर वजन असावं तसा. तिथून ऊब येत होती. तापलेल्या पत्र्याचा आणि पेट्रोलचा वास येत होता. निवत चाललेलं लोखंड टिक, टिक, टिक वाजत होतं.

आई उठली. पुढे गेली आणि थांबली.

"उतरंना झालाय," ती मागे न बघता म्हणाली.

"तुला दिसतोय?" राजेश्वरीने विचारलं.

"दिसत न्हाई. पन बसलाय त्यो. तुझ्याकडं तोंड करून बसलाय." आईने मान वळवली. पांढऱ्या पापण्यांखाली तिचे डोळे ओले होते. "राजे, त्यो वाट बगतोय. आता म्होरं काय करायचं, त्ये तू सांगशील म्हनून."

राजेश्वरीच्या पायाशी उरलेल्या फक्कीचं पोतं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती रेघांच्या टोकाशी गेली, अंगावर ऊब लागेपर्यंत गेली, आणि तान्ह्या भावाला कडेवर घेऊन फिरायची त्या वयापासूनची जी हाक होती ती तिने मारली.

"शिवा," ती म्हणाली. "उतर खाली. बास झालं. उतर."

टिकटिक थांबली. काहीतरी करकरलं, आणि मुरुमावर दोन पाय पडल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरा. आईने हात पुढे केले. ते हवेत काही तरी सापडल्यासारखे थांबले आणि मग हळूहळू मिटले, मधे एका माणसाएवढी जागा ठेवून.